रेणूंचा झोत थंड होतो आहे की नजरेआड होतो आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रुबिडियमचे अणू लेसरने थंड करण्याचा अनुभव असलेल्या एका संशोधक विद्यार्थ्याने आता कॅल्शियम मोनोफ्लोराइडच्या रेणूंचा झोत हाती घेतला आहे. ६०६ नॅनोमीटरचा मुख्य लेसर आणि ६२८ नॅनोमीटरचा एक रिपंप लेसर (मुख्य लेसरच्या तावडीतून निसटलेल्या रेणूंना परत आणणारा) झोताला काटकोनात, समोरासमोरच्या दोन्ही दिशांनी सोडल्यावर पुढच्या कॅमेऱ्यात झोत अरुंद झालेला दिसतो, परंतु एकूण उजेड निम्म्याहून खाली येतो. लेसरची शक्ती वाढवल्यास हे सुधारेल का, आणि रुबिडियमला दोन लेसर पुरत असताना येथे चार-पाच लेसर खरोखरच लागतात का, असे त्यांनी विचारले आहे.

शक्तीबद्दलचे उत्तर आधी देतो: वाढवू नका, निदान आत्ता तरी नको. आपली खरी अडचण शक्तीची नाही. आपल्यासमोर दोन वेगळ्या घटना एकाच चित्रात मिसळलेल्या आहेत. एक म्हणजे रेणूंचा आडवा वेग कमी होणे, म्हणजेच थंड होणे. दुसरी म्हणजे रेणू अशा ऊर्जापातळीत जाऊन बसणे, की ती पातळी ना आपल्या थंड करणाऱ्या लेसरला दिसते, ना कॅमेऱ्यासमोर रेणूंना चमकवणाऱ्या शोधक लेसरला. दुसऱ्या घटनेमुळेही झोत अरुंद झाल्यासारखा दिसू शकतो, आणि ही फसवणूक इतकी पटण्यासारखी असते की आमच्या गटात आम्ही काही आठवडे तिलाच शीतन समजून आलेख काढत होतो. म्हणून या दोन घटना वेगळ्या कशा करायच्या, हे मी सविस्तर लिहितो आणि लेसरांच्या संख्येचा प्रश्न त्यातूनच सोडवतो. मात्र एक गोष्ट आधीच मान्य केली पाहिजे. किती लेसर लागतील हे आपल्याला त्या झोताचे पुढे काय करायचे आहे यावर अवलंबून आहे, आणि ते प्रश्नात लिहिलेले नाही. झोत केवळ बारीक आणि समांतर करून त्यावर मोजमापे करायची असतील तर एक उत्तर आहे. तो थांबवून सापळ्यात धरायचा असेल तर दुसरे.

दोन्हींचा पाया एकच आहे, तो म्हणजे फोटॉनांचा हिशेब. ६०६ नॅनोमीटरचा एक फोटॉन शोषला की ५९ रेणुभाराच्या या रेणूचा वेग सेकंदाला सुमारे १.१ सेंटिमीटरने बदलतो. आडवा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर आदर्श परिस्थितीत नव्वदेक फोटॉनांत तो शून्यावर आला पाहिजे. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे किरण रेणूला ढकलत असतात, त्यांतील बरेच धक्के एकमेकांना खोडतात, आणि उपयोगी पडतो तो केवळ त्यांतला फरक. त्यामुळे खरा खर्च अनेक शेकड्यांपासून हजार-दीड हजार फोटॉनांपर्यंत जातो. सेकंदाला १५० मीटर वेगाने येणारा झोत समोरून प्रकाश टाकून थांबवायचा असेल तर हा आकडा १३ हजारांच्या पुढे जातो. हा झाला खर्च. आता जमेची बाजू पाहू: एक रेणू आपल्याला किती फोटॉन देतो?

रुबिडियममध्ये हा प्रश्न जवळजवळ पडतच नाही. अणू उत्तेजित झाला की त्याला खाली यायला मोजक्या जागा असतात, आणि एक रिपंप लेसर त्यांतली एकमेव गळती बुजवतो. रेणूमध्ये दोन अणूंमधला बंध कंप पावतो, आणि संपूर्ण रेणू स्वतःभोवती फिरतो. उत्तेजित रेणू खाली येताना कोणत्या कंपन-पातळीत उतरेल याला कोणताही कडक निवड-नियम नाही. तेथे केवळ संभाव्यता असते, आणि ती वरच्या व खालच्या अवस्थेतील कंपनांच्या तरंगफलनांचे एकमेकांवर किती आच्छादन आहे, म्हणजेच फ्रँक-काँडन गुणक किती आहे, यावर ठरते. इलेक्ट्रॉन वर गेल्यावर बंधाची लांबी बदलत असेल तर रेणू निरनिराळ्या कंपन-पातळ्यांमध्ये विखुरतो, आणि पाच-दहा फोटॉनांतच त्याचा ठावठिकाणा सुटतो. बहुसंख्य रेणूंचे असेच होते. म्हणूनच अणूंचे लेसर-शीतन १९८० च्या दशकात रुळले, त्याला १९९७ चे नोबेल पारितोषिकही मिळाले, तरी रेणूंच्या वाटेला बराच काळ कोणी गेले नाही.

कॅल्शियम मोनोफ्लोराइड, स्ट्रॉन्शियम मोनोफ्लोराइड, इटर्बियम मोनोफ्लोराइड यांसारखे रेणू वेगळे का ठरतात, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्या सगळ्या अडचणींची आणि सगळ्या आशेची जागा तीच आहे. कॅल्शियमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन असतात. त्यांतला एक फ्लोरिनकडे जातो आणि बंध घडवतो. उरलेला एक कॅल्शियमजवळच, फ्लोरिनच्या विरुद्ध बाजूला झुकलेला राहतो आणि बंधात जवळजवळ भाग घेत नाही. आपला लेसर उत्तेजित करतो तो हाच मोकळा इलेक्ट्रॉन. तो वर गेला काय आणि खाली आला काय, बंधाला त्याची फारशी जाणीव होत नाही, बंधाची लांबी जवळपास तीच राहते, आणि म्हणून कंपन-पातळी बदलण्याचे प्रसंग थोडे येतात. ६०६ नॅनोमीटरच्या संक्रमणात खाली येणारे सुमारे ९७ टक्के रेणू पुन्हा शून्याव्या कंपन-पातळीतच येतात. बहुतेक उरलेले पहिल्या पातळीत जातात, आणि दुसऱ्या पातळीत हजारात एखाद्याहून थोडे कमी. भौतिकशास्त्रज्ञ डी रोझा यांनी २००४ मध्ये अशा रेणूंची यादी करून लेसर-शीतनाचा मार्ग सुचवला, तो याच गुणाच्या आधारावर.

आता हे आकडे हिशेबात घाला. नुसता मुख्य लेसर असेल तर एक रेणू सरासरी तीस-चाळीस फोटॉन देऊन पहिल्या कंपन-पातळीत लपतो. ६२८ नॅनोमीटरचा रिपंप लावला की ती गळती बुजते आणि पुढची गळती, म्हणजे दुसरी कंपन-पातळी, तेराशेच्या आसपास फोटॉनांनंतर गाठते. ही सरासरी आहे. निम्मे रेणू त्याआधीच, नऊशेच्या सुमारास, गेलेले असतात. दुसऱ्या पातळीलाही रिपंप लावला की मर्यादा काही दहा हजारांवर जाते, आणि तिसरीला लावला की आणखी बरीच वर. प्रत्येक लेसर आपल्याला एक मोठी पायरी चढवतो.

आपल्या उपकरणात एक रेणू प्रत्यक्षात किती फोटॉन देतो, याचा अंदाजही करता येतो. पंधरा सेंटिमीटर लांबीचा प्रकाशित भाग सेकंदाला १५० मीटर वेगाचा रेणू एका मिलिसेकंदात पार करतो. उत्तेजित अवस्थेचे आयुष्य १९ नॅनोसेकंद आहे, म्हणजे कोरा हिशेब केला तर सेकंदाला पाच कोटींहून अधिक वेळा खाली येणे शक्य दिसते. परंतु खाली शून्याव्या आणि पहिल्या कंपन-पातळीत मिळून २४ उपपातळ्या, आणि वर मात्र चारच, अशी रचना असल्यामुळे, रेणू सर्वांत समान वाटला गेला तर त्या वेगाचा सातवा भागच हाती लागतो, आणि व्यवहारात तोही पूर्ण मिळत नाही. सेकंदाला दहा ते वीस लाख फोटॉन मिळाले तर प्रयोग चांगला चालला आहे असे मी समजतो. म्हणजे आपल्या रेणूंनी एका मिलिसेकंदात हजार ते दोन हजार फोटॉन दिले असणार, आणि दुसऱ्या पातळीचा रिपंप नसताना तितक्या फोटॉनांत निम्म्याहून अधिक रेणू लपणे अगदी अपेक्षित आहे. आपण पाहिलेली घट या हिशेबाशी जुळते. शक्ती वाढवली असती तर रेणूंनी फोटॉन अधिक लवकर दिले असते आणि ते अधिक लवकर लपले असते.

ते रेणू निर्वातकक्षातून बाहेर गेलेले नाहीत, हेही येथे लक्षात घ्यावे. ते झोतातच आहेत, कदाचित छान थंडही झाले आहेत. केवळ कॅमेऱ्यासमोरचा शोधक लेसर शून्याव्या पातळीतील रेणूंनाच चमकवतो, म्हणून ते अंधारात राहतात.

मग झोत अरुंद का दिसला? येथे दोन शक्यता आहेत. मुख्य लेसर संक्रमणापेक्षा थोडा खालच्या वारंवारतेला, म्हणजे लाल बाजूला ठेवला असेल, तर ज्यांचा आडवा वेग मोठा आहे ते रेणू समोरून येणाऱ्या किरणाशी डॉप्लर परिणामामुळे अधिक जुळतात आणि अधिक फोटॉन घेतात. यामुळे ते मंदावतात, हे खरे शीतन. परंतु तेच रेणू अधिक फोटॉन घेतात म्हणून अधिक संख्येने लपतात. झोताच्या कडा त्यामुळे पुसट होतात आणि मधला भाग उरतो. चित्रात दोन्हींचा परिणाम एकच दिसतो.

या दोहोंना वेगळे करण्याचा मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारा उपाय असा. वारंवारता लाल बाजूला जितकी सरकवली तितकीच निळ्या बाजूला सरकवून तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. फोटॉन किती घेतले जातात हे दोन्ही बाजूंना साधारण सारखेच असते, त्यामुळे लपण्याचे प्रमाणही सारखेच राहते. बलाची दिशा मात्र उलटते. एका बाजूला झोत अरुंद आणि दुसऱ्या बाजूला रुंद झाला, तर बल खरे आहे. दोन्ही बाजूंना अरुंदच होत असेल, तर आपण केवळ गळती पाहत आहोत. अतिसूक्ष्म पातळ्यांमुळे, म्हणजे एकाच पातळीच्या जवळजवळच्या बारीक तुकड्यांमुळे, ही सममिती पूर्ण नसते, एकाच्या दृष्टीने लाल असलेली वारंवारता शेजारच्या पातळीच्या दृष्टीने निळी असू शकते, म्हणून आकडे तंतोतंत सारखे येण्याची अपेक्षा ठेवू नये. तरीही चिन्ह बदलते की नाही, हे लपत नाही. याच कारणासाठी, केवळ लेसर चालू आणि बंद अशी तुलना दाखवणारा आलेख मी शीतनाचा पुरावा म्हणून स्वीकारत नाही.

दुसरा उपाय यंत्ररचनेत करायचा आहे, आणि तो कायमचा ठेवावा. थंड करण्याचा भाग संपल्यानंतर आणि कॅमेऱ्याच्या आधी दोन-तीन सेंटिमीटरचा एक वेगळा पट्टा ठेवून तेथे केवळ रिपंप लेसर सोडावेत, मुख्य लेसर नको. लपलेले रेणू तेथे शून्याव्या पातळीत परत येतात आणि मग शोधक लेसराला दिसतात. हा सफाईचा पट्टा लावल्यावर झोताच्या चित्राखालचे एकूण क्षेत्रफळ लेसर चालू असताना आणि बंद असताना जवळपास सारखे आले, तर रेणू हरवत नाहीत अशी खात्री होते. त्यानंतरच रुंदीबद्दल बोलावे. एक काळजी घ्यावी लागते: थंड करण्याच्या भागातला विखुरलेला मुख्य प्रकाश या पट्ट्यात येऊ देऊ नये, अन्यथा एकीकडे सफाई आणि दुसरीकडे पुन्हा गळती असे होत राहते.

तिसरे मोजमाप सर्वांत साधे आहे, आणि मी ते सर्वांत आधी करतो. समोरचा आरसा झाकून प्रकाश एकाच बाजूने येऊ द्यावा. आता सगळे धक्के एकाच दिशेने बसतात आणि झोत बाजूला वळतो. शंभर फोटॉनांमुळे सेकंदाला १.१ मीटर आडवा वेग येतो. झोताचा पुढचा वेग सेकंदाला १५० मीटर आणि कॅमेरा अर्ध्या मीटरवर असेल, तर झोत पावणेचार मिलिमीटर सरकला पाहिजे. सरकणे मोजले की रेणूंनी घेतलेल्या फोटॉनांची संख्या थेट हाती येते, त्यासाठी उजेडाच्या कोणत्याही अंदाजावर विसंबावे लागत नाही. खूप फोटॉन घेतले तर रेणू स्वतःच्या वेगामुळे संक्रमणापासून दूर सरकू लागतो, कारण सेकंदाला ५ मीटर वेगबदल म्हणजे या संक्रमणाच्या ८.३ मेगाहर्ट्झ नैसर्गिक रुंदीइतका (ज्या वारंवारता-पट्ट्यात रेणू प्रकाश घेतो तितका) डॉप्लर-सरकाव. म्हणून ही पद्धत काही शेकड्यांपर्यंतच सरळ वापरावी. येल विद्यापीठातील डेव्हिड डमिल यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम मोनोफ्लोराइडवर हाच क्रम पाळला होता: आधी झोत वळवून दाखवला, आणि २०१० मध्ये त्याचे आडवे शीतन प्रसिद्ध केले. रेणू लेसरने थंड झाल्याचा तो पहिला दाखला.

येथपर्यंतचा विषय कंपनांचा होता. परिवलनाची, म्हणजे रेणूच्या स्वतःभोवती फिरण्याची, गळती मी थोडक्यात सांगतो, कारण ती आपण बहुधा आधीच बंद केली असणार. एरवी दहा फोटॉनही मिळाले नसते. परिवलन क्रमांक शून्य असलेल्या सर्वांत खालच्या पातळीतून रेणू वर नेला, तर तो खाली येताना शून्य किंवा दोन अशा दोन्ही पातळ्यांत उतरू शकतो. परंतु सुरुवातच क्रमांक १ मधून केली आणि वर क्रमांक ० मध्ये नेले, तर समता (तरंगफलनाची आरशातली सममिती) आणि कोनीय संवेग यांचे नियम रेणूला पुन्हा क्रमांक १ मध्येच उतरायला भाग पाडतात. भौतिकशास्त्रज्ञ जून ये यांच्या गटाने २००८ मध्ये मांडलेली ही कल्पना आज जवळजवळ प्रत्येक प्रयोगात वापरली जाते. तिची किंमत अशी, की खालच्या उपपातळ्या वरच्यांपेक्षा संख्येने जास्त होतात, आणि त्यांतील काही संयोग आपल्या ध्रुवणाच्या प्रकाशाला दाद देत नाहीत. त्यांना प्रयोगशाळेत सगळे डार्क स्टेट म्हणतात.

हे डार्क स्टेट कंपनाच्या गळतीसारखे कायमचे नसतात, पण रेणू त्यांत अडकला की बल थांबते. त्यांतून त्याला बाहेर काढण्यासाठी प्रकाशाच्या ध्रुवणाशी तिरके, काही गॉसचे चुंबकीय क्षेत्र लावतात, किंवा ध्रुवण वेगाने पालटत ठेवतात. क्षेत्राचे मूल्य नक्की किती असावे हे आपल्या तीव्रतेवर अवलंबून आहे, आणि ते मोजूनच ठरवावे लागते. फार कमी क्षेत्रात रेणू अडकून राहतो, फार जास्त क्षेत्रात पातळ्या पसरून प्रकाशाशी जुळेनाशा होतात. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्रही अर्ध्या गॉसच्या आसपास असते, तेव्हा क्षेत्र निर्माण करणारी तारेची वेटोळी बंद ठेवली म्हणजे क्षेत्र शून्य झाले असे धरू नये.

या क्षेत्राचा आपल्या लाल-निळ्या चाचणीशी थेट संबंध आहे. क्षेत्र काही गॉस असेल तर मुख्यतः डॉप्लर-शीतन होते आणि लाल बाजूला झोत अरुंद होतो. क्षेत्र गॉसच्या काही दशांशांवर आणले आणि प्रकाश स्थिर तरंगाच्या रूपात असेल, तर दुसरीच यंत्रणा पुढे येते, जिला सिसिफस-शीतन म्हणतात. निळ्या बाजूच्या प्रकाशात, जेथे तीव्रता जास्त तेथे रेणूची ऊर्जा वर उचलली जाते. रेणू ती चढण चढताना वेग गमावतो, माथ्याजवळ डार्क स्टेटमध्ये ढकलला जातो, आणि चुंबकीय क्षेत्र त्याला पुन्हा पायथ्याशी आणून सोडते. येथे चिन्ह उलटे असते: निळ्या बाजूला झोत अरुंद होतो आणि लाल बाजूला रुंद. आपल्याला असे उलटे चित्र दिसले तर घाबरू नये, ते बिघाडाचे लक्षण नाही. उलट सिसिफस-बल थोड्या फोटॉनांत अधिक काम करते, आणि बारीक झोत हेच उद्दिष्ट असेल तर मी त्यालाच पसंती देतो. इटर्बियम मोनोफ्लोराइडच्या झोताचे आडवे तापमान २०१८ मध्ये १०० मायक्रोकेल्विनच्या आसपास आणले गेले, ते डॉप्लर-मर्यादेच्या, म्हणजे साध्या डॉप्लर-शीतनाने गाठता येणाऱ्या किमान तापमानाच्या, खालच्या अशाच बलांच्या साहाय्याने. कॅल्शियम मोनोफ्लोराइडची डॉप्लर-मर्यादा सुमारे २०० मायक्रोकेल्विन आहे, हे तुलनेसाठी सांगतो.

आता काही गोष्टी, ज्या कागदावर क्षुल्लक दिसतात पण हिशेब बिघडवतात. पहिली अतिसूक्ष्म पातळ्यांची. खालच्या अवस्थेच्या चार अतिसूक्ष्म पातळ्या सुमारे १५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरलेल्या आहेत, आणि त्या चारही प्रकाशित झाल्या पाहिजेत. मुख्य लेसरावर मॉड्युलेटर लावून साइडबँड (मुख्य वारंवारतेच्या आजूबाजूच्या वारंवारता) काढायला कोणी विसरत नाही. रिपंप लेसरावर मात्र पुष्कळदा विसरतात. पहिल्या कंपन-पातळीलाही जवळपास तशाच चार अतिसूक्ष्म पातळ्या आहेत, आणि रिपंपाची एकच वारंवारता असेल तर त्यांतील काही कधीच रिकाम्या होत नाहीत. आपल्या बाबतीत मी हे प्रथम तपासेन, कारण तसे असल्यास दुसऱ्या पातळीचा रिपंप जोडूनही घट पूर्ण भरून येणार नाही.

दुसरी गोष्ट तरंगलांबीची. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या कंपन-पातळीचे सोयीचे रिपंप सगळेच ६२८ नॅनोमीटरच्या अवतीभवती पडतात. एकाच प्रकारचे लेसर वापरता येतात ही सोय आहे, परंतु तरंगलांबीमापक नीट प्रमाणित केलेला नसेल तर आपण भलत्याच रेषेवर, किंवा रेषेच्या बाजूला काही शे मेगाहर्ट्झ बसलेले असतो, आणि रिपंप चालू आहे या समजुतीत दिवस जातात. रिपंप खरोखर काम करतो आहे का हे तपासायचा मार्ग एकच: रेणू मुद्दाम त्या पातळीत ढकलायचे आणि रिपंप एकट्याने किती परत आणतो ते मोजायचे.

तिसरी गोष्ट कोनाची. प्रकाश झोताला काटकोनात हवा हे सगळ्यांना ठाऊक असते, पण किती काटेकोर, हे आकड्यात पाहावे. एका अंशाची चूक म्हणजे १५० मीटर वेगाचा २.६ मीटर इतका भाग प्रकाशाच्या दिशेने येणे, आणि त्याचा डॉप्लर-सरकाव चार मेगाहर्ट्झहून अधिक, म्हणजे नैसर्गिक रुंदीच्या निम्मा. असा तिरका प्रकाश झोताला स्वतःशी काटकोनात आणायचा प्रयत्न करतो, त्यामुळे अरुंद झालेल्या झोताचे शिखर मूळ जागेवरून बाजूला सरकते. लेसर चालू केल्यावर शिखर हलत असेल तर आधी आरसे सरळ करा.

स्रोताबद्दल फार लिहीत नाही. आपण हीलियमने भरलेल्या सुमारे ४ केल्विन तापमानाच्या कोठडीत कॅल्शियमवर लेसरचे स्पंद मारून, सल्फर हेक्साफ्लोराइडशी अभिक्रिया घडवून झोत मिळवत असाल असे मी गृहीत धरले आहे, आणि सेकंदाला १५० मीटर हा वेगही त्यावरूनच घेतला. आर्गॉनसारख्या वायूबरोबर स्वनातीत प्रसरणाने (वायू ध्वनीहून अधिक वेगाने निर्वातात फैलावू देऊन) झोत काढत असाल, तर वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या घरात असेल, त्याच लांबीत प्रकाशाशी संबंध पाव मिलिसेकंदाचाच राहील, आणि वरील सगळे आकडे त्या प्रमाणात बदलावे लागतील. कोठडीच्या झोतात एका स्पंदातील रेणू निरनिराळ्या वेगांनी येतात. याचा फायदा घ्या: उशिरा पोहोचणारे रेणू सावकाश चाललेले असतात, त्यांना प्रकाश जास्त वेळ मिळतो, तेव्हा त्यांचा झोत अधिक अरुंद आणि त्यांची गळतीही अधिक असली पाहिजे. कॅमेऱ्याची नोंद वेळेनुसार तुकड्यांत पाहिली, तर फोटॉनांची संख्या बदलण्याचा वेगळा प्रयोग न करताच तो हाती येतो.

आता लेसरांची संख्या. झोत बारीक करून त्याच वेगाने पुढे मोजमापाच्या भागात न्यायचा असेल, तर मुख्य लेसर आणि पहिल्या दोन कंपन-पातळ्यांचे रिपंप, असे तीन लेसर पुरतात. इलेक्ट्रॉनच्या विद्युत द्विध्रुव आघूर्णाचा शोध घेणाऱ्या प्रयोगांसाठी असा समांतर झोत मोठा उपकारक ठरतो, कारण दूरवर ठेवलेल्या शोधकापर्यंत पोहोचणाऱ्या रेणूंची संख्या वाढते. दोन रिपंपांनी काही दहा हजार फोटॉनांची उसंत मिळते आणि आपला खर्च एक-दोन हजारांचा आहे, म्हणजे गळती दहा टक्क्यांच्या आत राहावी.

झोत थांबवून चुंबकीय-प्रकाशीय सापळ्यात (चुंबकीय क्षेत्र आणि लेसर यांनी रेणू एका जागी धरणाऱ्या) धरायचा असेल, तर तिसऱ्या पातळीचाही रिपंप लागतो आणि समोरून मंदावणारा वेगळा प्रकाश लागतो, ज्याची वारंवारता रेणूचा वेग घटेल तशी सरकवत न्यावी लागते. सेकंदाला १५० मीटर वेगाचा डॉप्लर-सरकाव जवळपास २५० मेगाहर्ट्झ आहे, आणि तो सगळा पार करायचा असतो. मंदावण्यासाठी ५३१ नॅनोमीटरचे दुसरे संक्रमण वापरण्याची पद्धत मला अधिक पटते. त्याची कंपन-गळती ६०६ पेक्षाही कमी आहे, आणि मुख्य व रिपंप लेसर वेगवेगळ्या उत्तेजित अवस्थांना जोडले गेल्यामुळे सातव्या भागाऐवजी चौथ्या भागापर्यंत दर मिळू शकतो. येथे मात्र एक नवी अडचण येते, तिच्याकडे पहिल्यांदा हा मार्ग धरणाऱ्यांचे दुर्लक्ष होते. पुढचा वेग कमी होतो, पण आडवा वेग कमी होत नाही. उलट १३ हजार फोटॉन यादृच्छिक दिशांना बाहेर टाकताना तो थोडा वाढतोच, अर्ध्या-पाऊण मीटर प्रतिसेकंद इतका. सेकंदाला दहा मीटरवर आलेला झोत त्यामुळे पंख्यासारखा पसरतो आणि सापळ्याच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत विरळ होतो. म्हणून थांबवण्याची इच्छा असली तरी आधी आडवे शीतन पक्के करणे वाया जात नाही.

कॅल्शियम मोनोफ्लोराइड अशा सापळ्यात २०१७ मध्ये धरला गेला, आणि त्याच वर्षी ५० मायक्रोकेल्विनपर्यंत उतरवला गेला. पाठोपाठ कॅल्शियम मोनोहायड्रॉक्साइडसारखा तीन अणूंचा रेणूही २०२२ मध्ये सापळ्यात आला. त्याला रिपंप लेसरांची संख्या दहाच्या घरात न्यावी लागली, कारण कंपनाचे प्रकार वाढले की गळतीच्या वाटाही वाढतात. चार-पाच लेसर पाहून दडपण येत असेल तर हा आकडा जरूर आठवावा. आपला रेणू या कुळातील सर्वांत सोप्या रेणूंपैकी एक आहे.

आपल्या जागी मी असतो तर पुढचा क्रम असा ठेवला असता. नवा लेसर मागवण्याआधी आरसा झाकून झोत किती सरकतो ते मोजावे आणि फोटॉनांची संख्या काढावी. ती हजाराच्या आसपास किंवा वर भरली, तर घट दुसऱ्या कंपन-पातळीमुळेच आहे असे धरायला हरकत नाही. इतके फोटॉन असतील तर मोठ्या डॉप्लर-सरकावामुळे ही पद्धत थोडे कमी दाखवेल, तेव्हा मुख्य प्रकाशाचा पट्टा एक-दोन सेंटिमीटरपर्यंत झाकून लहान लांबीवर मोजावे आणि मग पूर्ण लांबीच्या प्रमाणात वाढवावे. संख्या शे-दोनशेच भरली आणि तरीही उजेड निम्मा होत असेल, तर दुसऱ्या पातळीला दोष देता येणार नाही. गळती पहिल्या पातळीत आहे आणि आपला सध्याचाच रिपंप अपुरा आहे. अशा वेळी त्याचे साइडबँड, त्याची तरंगलांबी आणि त्याचा किरण मुख्य किरणाला सर्वत्र झाकतो की नाही, हे पाहावे. दोन्हींपैकी कोणता आकडा आला ते, चुंबकीय क्षेत्राच्या मूल्यासह आणि लाल-निळ्या अशा दोन्ही बाजूंच्या चित्रांसह कळवलेत, तर पुढचे अधिक नेमके सांगता येईल.